बाथरूममधली लढाई

त्या दुपारी सेव्हेरिनोनं एकच निर्णय घेतला, आणि तोही अगदी किरकोळ. मोबाइल बाथरूममध्ये सोबत न्यायचा.

इलोइलो शहरातल्या हारो भागात तो एकटाच राहायचा. बायको फ्लोरिता लेकीच्या बाळंतपणासाठी टोरोंटोला गेली होती. आधी बाळंतपण झालं, मग बाळाला दात यायला लागले, मग दुसऱ्या बाळाची चाहूल लागली. तिचं परत येणं लांबतच गेलं. इकडं एकट्यासाठी भात किती लावायचा, हे सेव्हेरिनोला काही केल्या उमगेना. रोज दोघांपुरता व्हायचा. उरलेला तो सकाळी लसणावर परतून खायचा.

मग त्याला मोबाइलवरचा खेळ सापडला. पाच जणांनी मिळून समोरच्या पाच जणांचे बुरूज पाडायचे, आणि पाडता पाडता एकमेकांशी बोलायचं. दिवसभरात माणसाचा आवाज कानी पडायचा तो तेवढाच. पण फ्लोरिताला त्यानं वेगळेच फायदे सांगितले होते.

"डोकं तल्लख राहतं. नजर तीक्ष्ण होते. हात चपळ होतात. शास्त्रज्ञच सांगतात." (कुठले शास्त्रज्ञ, हे तिनं विचारलं नाही, नशीब.)

"मग त्या चपळ हातांनी पडदे धू," फ्लोरिता म्हणाली आणि बाळ रडतंय म्हणून तिनं फोन ठेवला.

तर त्या दुपारी लढाई ऐन रंगात आली आणि पोट ऐकेना. मोबाइल घेऊन तो बाथरूममध्ये गेला. काम उरकून बाहेर निघाला, तर दार हलेना. त्यानं ढकललं, खांदा लावला, शेवटी गोडीगुलाबीनं समजावूनही पाहिलं. मग ओरडला. शेजारी बेर्तोकडं वाढदिवस होता, सकाळपासून माईकवर गाणी चालली होती. (बेर्तोनं त्यालाही बोलावलं होतं. पण जोडीनं जायची सवय असलेल्या माणसाला एकट्यानं पंगतीत बसायचं म्हणजे जिवावर येतं. त्यानं 'काम आहे' म्हणून सांगितलं होतं.) त्याची आरोळी ऐकून माईकवरून कुणीतरी म्हणालं, "पलीकडून वरचा सूर येतोय बघा, घ्या त्यालाही."

फोनवर बोलायचं रिचार्ज संपलेलं. वायफायवरून फ्लोरिताला उठवता आलं असतं, तिकडं मध्यरात्र होती, पण मग पडद्यांचा विषय निघाला असता.

"मी अडकलोय," तो खेळातल्या माईकवर म्हणाला.

"कुठल्या वाटेवर?" मिंडानं विचारलं. ही बाई समुद्रापलीकडं बाकोलोदला दुकान चालवायची, आणि गिऱ्हाईक नसलं की गटाला हुकूम सोडायची.

"बाथरूममध्ये."

"नकाशात बाथरूम कुठंय?"

"नकाशात नाही. घरात."

"समोर किती जण आहेत?" अर्धवट ऐकलेल्या एका भिडूनं विचारलं.

"दार आहे. एकच."

"थांबा, मी मागून येतो."

"तू गप रे," मिंडा म्हणाली. "घरात दुसरं कोण आहे?"

"कोणी नाही."

"कधीपर्यंत येतील?"

सेव्हेरिनोनं जरा विचार केला. "सांगता येत नाही," तो म्हणाला.



"पत्ता सांगा," मिंडा म्हणाली. "माझा दीर तिकडंच रिक्षा चालवतो. आणि जागा सोडू नका, बुरूज पडत आलाय."

पालथ्या बादलीवर बसून सेव्हेरिनो लढला. बुरूज पडला. गट जिंकला. तेवढ्यात बाहेर गलका झाला. मिंडाच्या दिरानं घर शोधताना बेर्तोकडं चौकशी केली होती, त्यामुळं अख्खा वाढदिवसच त्याच्या मागोमाग नुसत्या लोटलेल्या पुढच्या दारातून आत आला होता. कुणाच्या हातात ताटली, तर एकाच्या हातात चक्क माईक.

"दादा," बाहेरून बेर्तोचा आवाज आला, "दारावर ओला टॉवेल तुम्हीच टाकलाय ना? चौकटीत बसलाय घट्ट." त्यानं टॉवेलला एक हिसका दिला आणि दार उघडलं. (तीक्ष्ण नजरेच्या माणसाच्या डोक्यावर टॉवेलचं दुसरं टोक सगळा वेळ लोंबत होतं.)

बेर्तोनं त्याला हाताला धरून पंगतीत नेलं, भाजलेल्या डुकराचा कुरकुरीत तुकडा वाढला आणि एक गाणंही म्हणायला लावलं. कुणीतरी सुटकेचं चित्रण केलं होतं. टोरोंटोत उजाडलं तेव्हा फ्लोरितानं ते पाहिलं आणि फोन केला. तिला बोलताच येईना, इतकी हसत होती.

"खेळ होता म्हणून सुटलो," सेव्हेरिनो म्हणाला.

"खेळ नसता, तर आधी दाराकडं बघितलं असतंस."

मागं बाळ रडायला लागलं. तरी तिनं फोन ठेवला नाही. बेर्तोकडं काय काय खाल्लंस, तुझी तब्येत उतरलीय का, घर फार मोठं वाटतं का, असं विचारत राहिली. शेवटच्या प्रश्नाला तो "नाही" म्हणाला. तिला ते पटलं नाही, हे त्याला कळलं.

दुसऱ्या दिवशी खेळ सुरू होण्याआधी त्यानं माईकवर मिंडाचे आभार मानले. "तशी मलाही कल्पना आहे," तो जरा संकोचून म्हणाला, "माझ्यासारखा मुरलेला गडी गेला असता, तर गटाची पंचाईत झाली असती."

"झालीच असती," मिंडा म्हणाली. "तुम्ही दिसलात की समोरचे पाचही जण तुम्हालाच मारायला धावतात, काका. तेवढ्यात आम्ही बुरूज पाडतो. इतक्या आरामात मरणारा माणूस दुसरा कुठून आणायचा?"



"मग उद्याही येऊ?" सेव्हेरिनोनं विचारलं.

"रोज या. तुमच्याशिवाय जमत नाही."

सेव्हेरिनोनं पाठीला उशी लावली आणि मरायला सज्ज झाला.