भोपळ्याला बोट दाखवू नये

लातूर शहरातील तमाम नागरिकांस कळविण्यात येते की, सरकारी क्वार्टरच्या तिसऱ्या ओळीत सोनकांबळे अण्णांच्या अंगणात एक दुधी भोपळा लागला असून, लहानथोर, अधिकारी वा कर्मचारी, कोणीही त्यास बोट दाखवू नये. दाखवायचेच असल्यास बोट वाकवून दाखवावे.

हा हुकूम मी माझ्या मनाने काढलेला नाही. असा कागद खरोखरच अण्णांच्या फाटकावर टांगलेला होता, खाली सही आणि जावक क्रमांकासह. आणि आमचे साहेब, ज्यांच्यापुढे आख्खी कचेरी वाकायची, ते त्या फाटकाशी उभे राहून बोट वाकवून "हाच का तो?" असं विचारताना मी या डोळ्यांनी पाहिले आहेत.

"अंधश्रद्धा न्हाई ओ," अण्णा मला म्हणाले. "आज बोट दाखवणारा उद्या बोट लावतो. कोवळ्या फळाची लव गेली की फळ सडतंय."

जिल्हा नवा होता. कचेरीत फायली पोत्यांतून येत होत्या आणि क्वार्टरांत माणसं ट्रंका घेऊन. मी लोह्याचा, उजवीकडचा बीडचा, समोरचा उदगीरचा. कोणी कोणाला ओळखत नव्हतं. त्यात दुष्काळ. नळाला चौथ्या दिवशी पाणी, तेही करंगळीएवढी धार. अशा वर्षात या माणसाने वेल चढवला होता.

अण्णा रेकॉर्ड रूमचे कारकून, मूळचे रेणापूरकडचे. पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी किनवटला आश्रमशाळेत शिकवायला. आमची ओळख झाली ती मागच्या दारात. अण्णा बादली घेऊन उभे.

"वैनी, तांदळाचं धुवण सांडता का ठेवता?"

बायको बावरली. पण आठवड्याभरात ओळीतल्या आठही घरांचं पाणी अण्णांना तोंडपाठ झालं. डाळ-तांदळाचं धुवण भोपळ्याला, भाजी धुतलेलं मिरचीला, साबणाचं फक्त मोरीजवळच्या अळूला. वेलाच्या मुळाशी एक मडकं पुरलेलं, त्याच्या बुडाला भोक आणि भोकात चिंधी. पाणी दिवसभर झिरपत राहायचं. "वरून वतलं की उन्हाच्या घशात जातंय," असं म्हणायचे. मिरचीच्या रोपांवर तुरीच्या तुराट्यांची सावली, आळ्यात पाचोळा. त्यांच्या सांगण्यावरून मी माझ्या शेवंतीचे शेंडे खुडले, आणि बायको चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी एकेका खुडीला दोन-दोन फुटवे आले. तेव्हापासून घरात माझ्यापेक्षा अण्णांचं जास्त ऐकलं जाऊ लागलं.

भोपळा मात्र खायचा नव्हता.

"आमच्या आईच्या कुडावरचं बी हाय ते," अण्णा म्हणाले. "औंदा गावात एकाच्याबी कुडावर वेल राहिला न्हाई. हा एक गेला की संपलं."

त्या दिवसापासून मीही बोट वाकवायला लागलो.

भोपळा पिकला, वाळला, लाकडासारखा झाला. अण्णा रोज त्याला कान लावायचे, डॉक्टर छातीला लावतात तसा. एका सकाळी हलवून म्हणाले, "बोलला." बी आत खुळखुळत होतं. मग शेणात राख कालवून, त्यात बी बसवून त्यांनी सात थाप्या केल्या आणि ओळीतल्या बाकीच्या सात घरांच्या मागच्या भिंतींवर स्वतःच्या हाताने एकेक थापली. "सगळं बी एका भिंतीवर ठिवू नये. एकीकडं घूस लागली तर दुसरीकडं ऱ्हातंय."

दर रविवारी तपासणी. थापीला तडा गेला का, मुंग्या लागल्या का. काम एका मिनिटाचं. चहा, लेकीचं पत्र आणि कांदेपोहे धरून तास-दीड तास.

आता माझा गुन्हा. दौऱ्यावरून धुळीने माखून आलो, बायको माहेरी, बंब पेटवायला सरपण नाही. मागच्या भिंतीवर एक छानशी गोवरी दिसली. ओढली आणि बंबात घातली. थोड्या वेळाने आतून फट्, फट्, फट् असा आवाज आला, आणि कसला आवाज आहे ते ध्यानात येताच मी अंगावर पाणी न घेताच थंड पडलो.

मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. क्वार्टरांमागच्या एका गोठ्यातून शेण आणलं आणि तशीच एक थापी, बिनबियांची, त्याच जागी चिकटवली.

रविवारी अण्णा आले. चष्मा लावला, थापी निरखली. "तब्येत ठीक हाय," म्हणाले आणि चहाला बसले. असे पाच रविवार.

पेरणीचा मिरग चार दिवसांवर आला. सहा भिंतींवरचं बी काढून अण्णा शेवटी आमच्याकडे आले, हातात खुरपं. ते भिंतीला लागायच्या आत माझा धीर सुटला.

"अण्णा, त्यात बी नाही. मी ते बंबात जाळलं."

"ठावं हाय."

"कधीपासून?"

"पहिल्या रविवारपासून. थापीवर बोटं उमटत्यात, भाऊ. ही तुमची हायती, माझी न्हाईत." त्यांनी खिशातून पुरचुंडी काढली आणि दुसऱ्या भिंतीवरच्या चार बिया बायकोच्या तळहातावर ठेवल्या. "दिवसभर भिजवा. लावताना टोक खाली. आन ह्या भाऊला बंबापासून लांब ठिवा."

पण बायकोला राहवेना.

"मग अण्णा, पाच रविवार त्या रिकाम्या शेणाला काय बघत होता तुम्ही?"

अण्णांनी खुरप्याची माती धोतराच्या सोग्याला पुसली. पुसून झाली तरी पुसतच राहिले. मग त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"ते बघायला न्हाई आलो, तर रविवारी मी जायचं कुठं, वैनी?"