बंड्याचं पथ्य

आमच्या समोरच्या सामंत काकूंकडे जेवायला बसलं की पहिला घास पाहुण्याला मिळत नाही. तो बंड्याला जातो. बंड्या म्हणजे त्यांचा राखाडी आफ्रिकन पोपट. पुरणपोळी असो नाहीतर कोंबडी-वडे, आधी बंड्या, मग माणसं.

एरवी तो सूर्यफुलाच्या बिया आणि शेंगदाण्यांवर असायचा. वर चकली, फरसाण, तुपातला शिरा. पिंजऱ्याचं दार दिवसभर उघडं, पण तो कधी बाहेर पडला नाही. पडेल कशाला? वाटी आतच यायची. मी घाबरत घाबरत काही सुचवलं की काकू म्हणायच्या, "खाणाऱ्याचा हात धरू नये." बंड्याला हात नव्हते, पण हे मी बोलले नाही. मी बरंच काही बोलत नाही.

एका दांडीवरून दुसऱ्या दांडीवर जाताना तो धापा टाकायला लागला, तेव्हा काकू मला मीरा रोडला पक्ष्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. मी इंग्लिश मीडियमची, म्हणून. गोडदेव नाक्यावर भाजीवाल्याला हिंदीत गप्प करणाऱ्या काकूंना, डॉक्टर इंग्लिशमध्ये बोलायला लागले की ऐकूच येत नाही.

डॉक्टर मॅडम रिपोर्ट हातात घेऊन शांतपणे सांगत होत्या. माणसासारख्याच पोपटाच्याही रक्तवाहिन्यांत चरबी साठते, त्या कडक होतात, हृदयावर ताण येतो. ही जात त्यासाठी बदनामच. त्यात वय झालेलं, खाणं तेलकट, उडणं शून्य. शिवाय बंड्या मादी निघाला होता, आणि माद्यांना धोका जास्त.

मी मराठीत सांगितलं त्यातलं काकूंना झोंबलं ते एवढंच. "बावीस वर्षं बंड्या म्हणतेय. आता काय नाव बदलून आणू?"

बिया, शेंगदाणे, तळलेलं पूर्ण बंद, असं मॅडमनी मला दोनदा बजावलं. काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या, निकाल ऐकायला आल्यासारख्या. मी म्हटलं, "थोडं कमी करा म्हणतायत."

काकूंच्या लेखी थोडं कमी म्हणजे चकली अर्धी मोडून. चार महिन्यांनी बंड्या दांडीवरून खाली पडला, पण वाचला.

त्या दिवशी मी त्यांच्या ओट्यापाशी उभं राहून खरं सांगितलं. डॉक्टर मॅडम पूर्ण बंदच म्हणाल्या होत्या, मीच नीट सांगितलं नाही. काकू फाडफाड बोलतील असं वाटलं होतं. त्या नुसता ओटा पुसत राहिल्या.

"आमच्या ह्यांचं शेवटी सगळं बंद केलं होतं," त्या म्हणाल्या. "मीठ, तेल, सगळं. जायच्या आठवड्यात एक भजं मागितलं. नाही दिलं मी. डॉक्टरांचं ऐकलं."

मग त्यांनी बियांचा डबा उचलला आणि आमच्या घरी ठेवायला दिला.

बंड्याचं पथ्य सुरू झालं. किसलेलं गाजर, पालक, डॉक्टरांनी दिलेले कोरडे गोळे. तो सगळं चोचीने बाहेर फेकायचा आणि ओरडायचा, "घे रे, एकच घे." आवाज हुबेहूब काकूंचा, पाहुण्यांना आग्रह करतानाचा. काकू बाल्कनीत जाऊन, कानांवर पदर घेऊन उभ्या राहायच्या. मला आमच्या हॉलमधून दिसायचं. मी पडदा ओढून घ्यायचे.

अकराव्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली. बंड्या पिंजऱ्यात खाली पेपरवर थंड पडला होता. काकू शेजारी फरशीवर बसल्या होत्या, उजवी मूठ घट्ट मिटून. काही लागलंय का म्हणून मी ती सोडवून बघितली. आत एक सोललेला शेंगदाणा होता, घामाने मऊ पडलेला.

"सकाळपासून मागत होता," काकू म्हणाल्या. "नाही दिला."