माकाच्या अंत्यविधीचा आवाज

माका ऑकलंडमध्ये वारला, तिथेच त्याला पुरलं, आणि इकडे वावाऊ बेटावर त्याची आई लाविनिया अजून रडली नव्हती. तिच्या काळजाला विमान झेपणार नाही म्हणून डॉक्टरांनी तिला जाऊ दिलं नव्हतं. तेव्हापासून ती कमरेला शोकाची जुनी चटई गुंडाळून खिडकीशी बसे, रताळी सोले, आणि कुणी सांत्वनाला आलं की त्यालाच जेवून जा म्हणे. माकाच्या धाकट्या भावानं, फेलेतीनं मात्र धास्ती घेतली होती. असं आत साचलेलं रडू माणसाला पोखरून खातं, हे त्यानं लहानपणापासून ऐकलं होतं.

म्हणून माकाच्या मुलीनं, सेसिलियानं, विमानानं येणाऱ्या एका नातेवाइकाबरोबर अंत्यविधीच्या चित्रणाचा पेनड्राइव्ह पाठवला, तेव्हा त्याला हायसं वाटलं. रविवारी चर्च सुटल्यावर अख्खं कुटुंब काळ्या कपड्यांत, कमरेला चटया गुंडाळून टीव्हीसमोर दाटीवाटीनं बसलं. थोरली बहीण कालोलाइने तेवढी बाहेर पडवीत बसली, कारण तिथल्या रिवाजानं भाऊ-बहीण एका खोलीत टीव्ही बघत नाहीत. आत नसली तरी हुकूम तिचाच चालायचा.

पेनड्राइव्हवर दोन फायली होत्या, नावं म्हणजे नुसते आकडे. फेलेतीनं पहिली लावली. पडदा काळाच राहिला. हे चित्र आपल्याला दाखवता येत नाही, असं टीव्हीनं खाली कोपऱ्यात लिहून हात झटकले. आवाज मात्र आला, आणि पहिलाच आवाज आला तो शिट्टीचा.

"शिट्टी कसली रे?" पडवीतून प्रश्न आला.

"ऑकलंडची गर्दी, ताई. पोलीस वाट करून देत असतील."

शिट्टीमागून माणसं हळहळली. मग हुंदके ऐकू आले, मोठाल्या पुरुषांचे, ऊर फुटल्यासारखे. मग स्तोत्र सुरू झालं. मग पाद्री म्हणाले, "प्रभू, हाती आलेलं तू शेवटच्या क्षणी काढून घेतलंस!"

"शेवटच्या क्षणी कुठं? चांगला दोन महिने अंथरुणावर होता," म्हातारा काका पुटपुटला.

"गप हो, प्रार्थना चाललीय!" पडवीतून दटावणी आली.

लाविनियाच्या हातातलं रताळं खाली पडलं. तिचे खांदे हलू लागले, आणि ती हंबरडा फोडून रडली. तिच्यामागून सगळं घर काळ्या पडद्याकडे बघत रडलं. फेलेतीही रडला, अर्धा भावासाठी, अर्धा सुटकेनं. टीव्ही गेला खड्ड्यात, काम झालं, असं त्याला वाटलं.

पण म्हातारीनं तोंड पुसलं आणि म्हणाली, "आता मला त्याचं तोंड दाखव. तोवर मी जरा पडते."

बाकीचे जेवायला मागे गेले, आणि फेलेतीनं फोन दुरुस्त करणाऱ्या सितानीला घरून ओढून आणलं.

"रविवारी मी काम करत नाही," तो दारातच म्हणाला. "नुसतं बघेन."

"बघ बाबा. आवाज येतो, चित्र नाही."

"त्याचं असंय, व्हिडिओ म्हणजे कोंबून बांधलेलं गाठोडं. चित्राची गाठ वेगळी, आवाजाची वेगळी. गाठ सोडायची रीत ज्याला येते, त्याच्याकडेच ते सुटतं. त्या रीतीला कोडेक म्हणतात. पोरीचा फोन नवा, गाठ नवी. तुझा टीव्ही म्हातारा."

"मग शिकव त्याला!"

"शिकायचं वय गेलं त्याचं. माझ्या फोनला येते."

त्यानं फाइल फोनवर लावली. चित्र लख्ख उमटलं. चिखलाचं मैदान, मागे गुणफलक, आणि गळ्यात गळे घालून रडणारी रग्बीच्या कपड्यातली पोरं. मधोमध सेसिलियाचा मुलगा, आणि शेजारी डोळे मिटून प्रार्थना करणारे शाळेचे पाद्री. शाळा अंतिम सामना हरली होती, आणि या घरानं त्या पराभवावर तासभर अश्रू ढाळले होते.

"दिसला का?" पडवीतून विचारणा झाली.

"दिसला, ताई."

"कसा दिसतोय?"

फेलेतीनं चिखलाकडे पाहिलं. "शांत."

दुसरी फाइल टीव्हीवर लावली. तिच्यात खरोखरच माका होता. फुलांत, पांढऱ्या कापडात, स्वच्छ दिसत होता. पण आवाज नाही. गाणाऱ्यांची तोंडं नुसतीच उघडत-मिटत होती. सितानीच्या फोनवरही तेच.

"ही आवाजाची गाठ दोघांनाही येत नाही," सितानी म्हणाला. "इंटरनेटवरून दुसरा प्लेअर उतरवला की झालं."

"मग उतरव की!"

"समुद्रातली केबल तुटलीय ना. दुरुस्तीचं जहाज येईल तेव्हा."

मुक्यानं पुरलेला मुलगा आईला कसा दाखवायचा? तिला वाटेल, परक्या देशात त्याच्यासाठी कुणी गायलंसुद्धा नाही. आतून हाक आली, "लागलं का रे?" फेलेतीनं सितानीच्या हातातला फोन घेतला, रग्बीची फाइल शिट्टीच्या पुढून लावली, आणि फोन आपल्या कमरेच्या चटईत खोचला.

"हे पाप आहे," सितानी कुजबुजला.

"तू रविवारी काम करत नाहीस ना? मग नुसतं बघ."

लाविनिया येऊन बसली, मागोमाग बाकीचेही. टीव्हीवर माका, आणि फेलेतीच्या पोटातून स्तोत्र. दोन्ही इतकं जुळलं की काकासुद्धा सुरात सूर मिसळून गाऊ लागला. म्हातारी मुलाच्या चेहऱ्याकडे बघत संथपणे रडत होती. मात्र फाइल संपली की आपोआप पहिल्यापासून सुरू होते, हे सितानीनं सांगितलं नव्हतं. शवपेटी खड्ड्यात उतरत असताना फेलेतीच्या पोटात खणखणीत शिट्टी वाजली.

काकाचं गाणं अर्ध्यावर थांबलं. लाविनियानं मात्र टीव्हीवरची नजर काढली नाही.

"फेलेती, पोरं कितीनं हरली?"

त्यानं चटईत हात घालून फोन बंद केला. "आई, तुला..."

"शिट्टी कळत नाही होय मला? पहिल्यापासून कळतंय. माका शाळेत असताना हरून आला ना, की स्वयंपाकघरामागं उभा राहून असाच रडायचा. अगदी असाच. तो गेल्यापासून आज पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकला मी."

पडवीत ताईनं नाक ओढलं.

"सांग ना, कितीनं?"

"दोन गुणांनी."

"दोनच?" म्हातारी म्हणाली, आणि चटईत तोंड खुपसून पुन्हा रडू लागली.