ढोमणेकाकांचा मेंटेनन्स

ढोमणेकाका समोरून आले, की नमस्कार करत नाहीत. "काल संध्याकाळी कोणती भाजी खाल्ली?" असं विचारतात. उत्तराला उशीर झाला, की मान हलवून म्हणतात, "डोक्याले मेंटेनन्स पायजे!"

काका भिलाईच्या कारखान्यातून क्लार्क म्हणून निवृत्त झाले. आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. दात डाव्या हाताने घासतात, कारण उजव्याला सवय असते आणि डोकं फुकट बसून राहतं. त्यामुळे सकाळी पेस्ट त्यांच्या कानापर्यंत पोचलेली असते. पलीकडच्या बंगल्यातले निवृत्त मोठे साहेब भिजवलेले अक्रोड खातात. काकांना ते परवडेनात, म्हणून जवसाची चटणी आली. "साहेब लोकायले अक्रोड, आपल्याले जवस. डोकं तं दोघायलेही एकच देलं नं देवानं!" एकदा याच साहेबांना कालची भाजी आठवेना. काका म्हणाले, "साहेब, गाडीची सर्विसिंग टायमावर करता, डोक्याची कावून नाही?" साहेब आता दुसऱ्या रस्त्याने फिरायला जातात.

या सगळ्यात फरफट काकूंची. चालणं, जवस, शिवाय रोज एक उखाणा. मला वाटायचं, म्हातारा स्वतःला विसर पडेल या भीतीपायी बिचारीला पिळतोय. मग काकूंच्या विरजणात चहापत्ती पडायला लागली. त्या आपलाच जिना सोडून पुढे जायला लागल्या. तेव्हा उमगलं, मेंटेनन्स काकूंचा चाललाय. त्यांना एकटीला आजारी वाटू नये, म्हणून काकांनी अख्खी कॉलनी कामाला लावली होती. मला माझीच लाज वाटली.

संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं. बायकांनी काकूंना नाव घ्यायचा आग्रह केला. सुरुवात झकास झाली.

"भिलाईच्या भट्टीत लोखंडाचं होतं पाणी, मी..."

आणि काकू थांबल्या. नाव येईना.

"अगंबाई, काकू लाजल्या!" बायका हसल्या.

काकूंना न्यायला आलेले काका दारातच उभे होते. घाईघाईने म्हणाले, "लाजून राहिली ते. पयलेपासून तशीच हाये."

दोघं निघाले. तिळगूळ द्यायचा राहिला म्हणून मी मागोमाग जिन्यात गेले. काका हळू आवाजात सांगत होते, "मनोहर. म्हण पाहू, मनोहर."

काकूंनी पदर सावरला. "अवो, नवऱ्याचं नाव असं सरळ घेतेत का कोणी?"

काका माझ्याकडे वळले. डोळे भरून आले होते आणि हसू आवरत नव्हतं.

"आयकलं का? नवरा म्हणली मले!"