एक कागद कमी हाय

आमच्या गल्लीतले अप्पा लोकांचं इन्कम टॅक्सचं रिटर्न फुकट भरून देतात, पण पहिल्या फेरीत कधीही भरून देत नाहीत. तुम्ही पिशवी घेऊन जा, फाईल घेऊन जा, घरातलं कपाट हातगाडीवर घालून न्या. अप्पा चष्मा कपाळावर चढवणार, एकेक कागद टेबलावर मांडणार, आणि वैद्यानं नाडी बघून हात सोडावा तसा शेवटचा कागद खाली ठेवून म्हणणार, “सगळं बरोबर हाय की हो. फक्त एक कागद कमी हाय.”

तो कमी असलेला कागद कोणता, हे कुणालाही आधी ओळखता आलेलं नाही. कधी पासबुकाचं पहिलं पान, कधी गेल्या वर्षीच्या रिटर्नची पोच. गल्लीतल्याच इंगळ्यांना तर त्यांनी एकदा आधार कार्डाची मागची बाजू आणायला सांगितलं होतं. पुढची बाजू टेबलावर होती. मागची बाजू त्याच कार्डाला होती. तरी इंगळे कार्ड उचलून घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी तेच कार्ड घेऊन आले. “आणली बघा,” म्हणाले. अप्पांनी कार्ड उलटं करून बघितलं आणि “आता कसं!” म्हणून चहा टाकला.

हे मी आमच्या गच्चीतून बघत होतो. हसलो नाही. ती गर्दी खरं तर माझ्या दारात हवी होती.

मी बँकेत अधिकारी होतो. ठेवी, व्याज, व्याजावरची कपात यांत माझी हयात गेली. निवृत्त झाल्यावर जुळे सोलापुरात घर बांधलं तेव्हा माझा साधा हिशेब होता की, इथल्या पेन्शनरांना करविषयक सल्ला लागणार आणि तो मी देणार. दारावर पाटीही लावली, ‘आयकर मार्गदर्शन, विनामूल्य’. पाटी वाचून पहिल्या वर्षी दोनच माणसं आत आली. एकाला मीटरचं रीडिंग घ्यायचं होतं. दुसऱ्यानं विचारलं, “साहेब, ते रिटर्न भरतात ते अप्पा कुठं राहतात?” मी त्याला देवळामागच्या गल्लीत पाठवलं. अप्पा माझ्या अगदी समोर राहतात. लिहायलाच बसलोय तर हेही लिहून टाकतो.

अप्पा रेल्वेतले. कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात हिशेबाच्या टेबलावर होते आणि नोकरीभर सोलापूरहून रोज जाऊन-येऊन करत. सकाळची गाडी, ठरलेला डबा, ठरलेली टोळी. त्या टोळीची रिटर्नं अप्पा गाडीतच भरायचे. ते स्वतः सांगतात, “मोहोळला पगाराचा कागद, माढ्याला विम्याच्या पावत्या, कुर्डुवाडीत उतरायच्या आधी सही. पण एका दिवसात कुणाचंच झालं न्हाय. कुणाची तर पावती राहायचीच घरी. मग उद्या परत. मज्जा यायची की!”

त्यांच्या व्हरांड्यात पाच प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. जाणाऱ्याला पहिल्यांदा “बर्री, बर्री, कुंदर्री” होतं. म्हणजे या, बसा. मग “ऊटा आतेन्री?” म्हणजे जेवण झालं का. झालं असलं तरी कडक भाकरीचा तुकडा, शेंगाचटणी आणि वर दह्याची कवडी हातात येते. लॅपटॉप उघडायच्या आधी ते कपाळावर ताजी विभूती ओढतात. आयकराच्या पोर्टलला ते सासूबाई म्हणतात. “सासूबाई आज दार उघडीनात,” म्हणजे साईट बंद आहे. “सासूबाईंनी निरोप धाडलाय, वाचा मोठ्यानं,” म्हणजे मोबाईलवर ओटीपी आलाय. असे निरोप एका बैठकीत तीन-चार यायचे. कुठला निरोप कशासाठी, हे विचारायचं कुणाच्या मनात येत नसे. लोक आकडे वाचत, अप्पा बटणं दाबत.

इंगळे एसटीचे निवृत्त चालक. एका वर्षी त्यांना आयकर खात्याकडून इंग्रजीत काही आलं. ते बघून त्यांनी घरच्यांचा निरोप घेतला, पिशवीत दोन सदरे, टॉवेल आणि बीपीच्या गोळ्या भरल्या आणि अप्पांकडे आले. मागं त्यांची बायको पदर डोळ्यांना लावून.

“अप्पा, कुटं हजर व्हायचं तेवढं सांगा. आता पळून न्हाय जात मी.”

अप्पांनी मजकूर वाचला. परत वाचला. “इंगळे, सरकार म्हणतंय, तुमचा हिशेब बरोबर हाय.”

“मग कळवायचं कशाला?”

“बरोबर हाय म्हणून कळवलंय.”

“चाळीस वर्सं गाडी बरोबर चालवली, कुणी एक चिठ्ठी न्हाय पाठवली,” इंगळे म्हणाले. त्यांच्या बायकोनं पिशवी हिसकावली. “आन टॉवेल तेवढा नवा घेतला व्हता!” सगळा व्हरांडा हसला. मी गच्चीत कपडे वाळत घालत होतो. वाळलेलेच कपडे पुन्हा घालत होतो, कारण मला खाली काय चाललंय ते ऐकायचं होतं. ही नोटीस नसून निव्वळ कळवणं आहे, हे मी इंगळ्यांना चहा निवायच्या आत सांगितलं असतं. पण ते माझ्याकडे आले नाहीत. माझ्याकडे कुणी आलं तर काम चटकन संपायचं आणि ते माणूसही चटकन जायचं. मला तो माझा गुण वाटायचा.

हे सगळं मी सोसलं असतं. पण एका जुलैत माझ्या बायकोनं पेन्शनची फाईल काढली, पदर सारखा केला आणि म्हणाली, “मी जरा अप्पांकडे जाऊन येते.”

सुमन जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. तिचं रिटर्न इतकी वर्षं मीच भरत होतो.

“घरात मी आहे ना?”

“तुम्ही ओरडता,” ती म्हणाली. “पॅन नंबर विसरले तर ओरडता, आठवला तर ‘आधी का नाही सांगितला’ म्हणून ओरडता. आणि मला काही विचारता का? माझ्या ठेवीचं व्याज किती, हे मला अप्पांनी विचारलं तेव्हा कळलं.”

म्हणजे विचारून झालं होतं. ती आधीच एकदा जाऊन आली होती. नंतरच्या आठवडाभरात ती आणखी तीनदा गेली. परत आली की हसत असायची. “अप्पा म्हणाले, एक कागद कमी हाय,” असं त्यांच्याच आवाजात सांगून ती डबा धुवायला जायची. हो, डबाही न्यायला लागली होती. धपाटे. मला धपाटे मागावे लागत.

सत्तरी ओलांडलेल्या माणसानं बायकोच्या धपाट्यांवरून जळावं, हे शोभत नाही. मी जळत होतो.

आणि मग तिच्या फोनवर बँकेचा संदेश आला. ती स्वयंपाकघरात होती, फोन माझ्यासमोर होता आणि संदेश वाचायची मला नोकरीपासून खोड आहे. आयकराचा परतावा तिच्या खात्यात जमा झाला होता. रिटर्न भरल्याशिवाय परतावा येत नाही. म्हणजे अप्पांनी तिचं रिटर्न पहिल्याच दिवशी, त्या चार निरोपांतच भरून टाकलं होतं. कमी असा कागद नव्हताच! आणि आज संध्याकाळीही तिला बोलावलं होतं.

मला इतका आनंद बढती मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

संध्याकाळी मी तिच्या मागोमाग रस्ता ओलांडला. व्हरांड्यात पाचही खुर्च्या भरलेल्या. इंगळे होते, पलीकडचे रापेल्ली मास्तर होते. अप्पा मला बघून उठले. “बर्री साहेब! आज इकडं? कुंदर्री.” स्वतःची खुर्ची त्यांनी पुढं केली. मी बसलो नाही. फोन सगळ्यांना दिसेल असा धरला आणि बँकेतल्या आवाजात म्हणालो, “अप्पा, हिचं रिटर्न कधीच भरून झालंय. परतावासुद्धा जमा झालाय. मग रोज कुठला कागद मागताय तुम्ही? या म्हाताऱ्या माणसांना कशाला हेलपाटे घालायला लावताय?”

रापेल्ली मास्तर चटणीच्या ताटलीकडे बघत होते. इंगळे पायातली चप्पल बोटानं सरळ करत होते. मला वाटलं, लोक चिडतील. फसवणूक उघड झाल्यावर लोक चिडतात. इथं सगळे माझ्याकडे न बघता खाली बघत होते.

अप्पांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. “व्हय की,” ते म्हणाले. “भरलेलंच हाय. वय झालं, साहेब. ध्यानात राहत न्हाय आता.”

घरी येऊन दार लावल्यावर सुमन म्हणाली, “काय मिळालं?”

“अगं, तो तुम्हाला सगळ्यांना...”

“माहीत आहे आम्हाला. सगळ्यांना माहीत आहे. इंगळ्यांनी आधार कार्डाची मागची बाजू काय अडाणीपणानं नेली होती?” ती आत गेली आणि आतूनच म्हणाली, “शांताक्का गेल्यापासून त्या घरात कुणी बोलायला नाही. ‘या, बसा’ म्हणायची त्या माणसाला लाज वाटते. कागद मागायची वाटत नाही. एवढंच होतं. ते तुम्हाला मोठ्यानं बोलायचं होतं.”

शांताक्का म्हणजे अप्पांची बायको. त्यांच्या निवृत्तीनंतर वर्षभरातच गेली. हे मलाही माहीत होतं. दुखवट्याला मी गेलो होतो आणि चटकन परत आलो होतो.

पुढच्या जुलैत मी गच्चीतून पाहिलं. इंगळे पिशवी घेऊन गेले. अप्पांनी कागद मांडले, निरोप वाचून घेतले, बटणं दाबली, पोच छापून हातात दिली. “झालं इंगळे. या आता.” इंगळे उगाच थोडा वेळ उभे राहिले. “काय कमी न्हाय ना?” “काय न्हाय. समदं हाय.” इंगळे गेले. रापेल्ली मास्तर आले, गेले. सुमन गेली आणि भरलेला डबा घेऊन परत आली. अप्पा म्हणाले होते, कशाला त्रास, बाई. आठवड्याभरात गल्लीतली सगळी रिटर्नं संपली. पाच खुर्च्या एकीत एक बसवून कोपऱ्यात गेल्या. सकाळी कुर्डुवाडीच्या गाडीच्या वेळेला अप्पा अंघोळ, विभूती, इस्त्रीचा सदरा करून व्हरांड्यात येत, आणि मग कुठं जायचं नसल्यासारखे तिथंच उभे राहत.

मला हवं होतं ते सगळं झालं होतं. अप्पांचा व्हरांडा रिकामा होता. माझाही रिकामाच होता. माझी पाटी वाचून कुणी आलं नाही. मी ती काढून माळ्यावर टाकली.

त्यानंतर यंदा मलाच पत्र आलं. आयकर खात्याचं म्हणणं, मी दाखवलेली करकपात माझ्या नावावर नाहीच, म्हणून पैसे भरा. मी दोन दिवस आकडे जुळवले. बँकेला फोन करून तिथल्या मुलीवर ओरडलो. माझं चुकेल, हे मनात येतच नव्हतं. शेवटी सुमन म्हणाली, “समोर जा.” फाईल घेऊन फाटकापर्यंत गेलो आणि दोनदा परत आलो. तिसऱ्यांदा अप्पांनीच पाहिलं.

“बर्री साहेब.” त्यांनी कोपऱ्यातल्या खुर्च्यांतून एक ओढून काढली. “ऊटा आतेन्री?”

मी झालं म्हणालो. तरी भाकरी आली.

त्यांनी पत्र वाचलं, पोर्टल उघडलं, बाजूला दुसरा कागद धरला. आणि हळूच, शेजारच्या घरात ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, “साहेब, ही ठेव दोघांच्या नावावर हाय. पण पहिलं नाव बाईंचं. व्याजावरची कपात बाईंच्या पॅनवर गेलीय. तुम्ही ती तुमच्यात धरली.”

ठेवींच्या खिडकीवर मी हजार लोकांना सांगितलं असेल की, पहिलं नाव कुणाचं ते आधी बघा. आणि घरात सगळंच माझं, असं धरून बसलो होतो.

“होतं असं,” अप्पा म्हणाले. “लई जणांचं होतं. दुरुस्त होतंय. ठेवीची पावती तेवढी दाखवा म्हणजे आत्ताच संपवू.”

पावती फाईलच्या खालच्या कप्प्यात होती. अप्पा हात पुढं करून थांबले होते. ती दिली की सगळं संपणार, ‘झालं साहेब, या आता’ ऐकू येणार, आणि मी चटकन घरी येणार. मी फाईल मांडीवर उलटी केली.

“अप्पा,” मी म्हणालो, “एक कागद कमी आहे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग फाईलकडे. पावतीचा हिरवा कोपरा बाहेर डोकावत होता, तो मला तेव्हा दिसला. चष्मा सावकाश वर चढून कपाळावर बसला.

“घरी राहिला?”

“घरी राहिला. उद्या आणतो.”

अप्पांनी लॅपटॉप मिटला आणि स्टोव्हकडे जाता जाता म्हणाले, “उद्या नको, साहेब. परवा या. उद्या बाईंचा कागद राहिलाय. सकाळीच सांगून गेल्या.”

मी वळून समोर पाहिलं. गच्चीत सुमन कपडे वाळत घालत होती. ते कपडे सकाळीच वाळले होते. इथंही ती माझ्या आधी पोचली होती, आणि मला पुन्हा थोडं जळल्यासारखं झालं. आतून अप्पांनी विचारलं, “साखर किती?” मी म्हणालो, घाला सावकाश, मला घाई नाही, आणि उठून कोपऱ्यातल्या बाकीच्या चार खुर्च्या एकमेकींतून सोडवायला लागलो.