हजेरीपुरता अंगठा

विद्यापीठात संशोधनाला सुरुवात अंगठ्यापासून होते, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. बाहेरच्यांची समजूत अशी, की आधी डोक्यात प्रश्न येतो, मग माणूस ग्रंथालयात जातो, मग प्रयोगशाळेत. प्रत्यक्षात मुख्य इमारतीच्या दाराशी भिंतीवर एक लहानसं यंत्र आहे. त्यावर अंगठा ठेवायचा. हिरवा दिवा लागला की आपण संशोधक, लाल लागला की पाहुणे. पाहुण्यांसाठी बाजूला प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली आहे.

रसायनशास्त्र विभागात नुकतीच निवड झालेली एक मुलगी त्या खुर्चीवर बसली होती. तिची परीक्षा झाली होती, मुलाखत झाली होती, शेजारपाजारच्यांनी कौतुक करून झालं होतं. फक्त अंगठा राहिला होता. तिने उजवा लावला, डावा लावला, ओढणीला पुसून लावला, फुंकर घालून लावला. यंत्र दर वेळी एका सुशिक्षित बाईच्या आवाजात म्हणे, "कृपया पुन्हा प्रयत्न करा."

यात यंत्राचा दोष नव्हता. मुलीची आई कापड रंगवायच्या कारखान्यात कामाला होती आणि दर सुट्टीत मुलगीही तिच्याबरोबर हौदावर जाई. सुताच्या लडी गडद रंगात बुचकळायच्या आणि हातांनी पिळायच्या. रंग पक्का बसावा म्हणून त्या हौदात जे काही घालत, ते रंगाला सुतावर धरून ठेवी आणि कातडीला हातावरून सोडवी. आईच्या बोटांवरच्या रेषा केव्हाच गेल्या होत्या. भेगा मात्र राहिल्या होत्या. जेवताना मीठ लागलं की ती क्षणभर डोळे मिटून घेई आणि मग काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पुढचा घास घेई. मुलीने ते लहानपणापासून पाहिलं होतं आणि तिला त्याचा फार राग होता. हे नक्की कशाने होतं ते शोधायचं आणि बंद पाडायचं, एवढ्यासाठी ती रसायनशास्त्र शिकली. तिचा विषयही तोच होता: गडद रंग पक्का करणाऱ्या द्रव्याने कामगारांच्या बोटांचे ठसे कसे नष्ट होतात. निवड समितीने त्याला समाजोपयोगी म्हटलं होतं.

विभागाचे कारकून भले गृहस्थ होते. त्यांनी तिला अंगठा उजेडाकडे धरायला सांगितला.

"रेषाच नाहीत की हो, मॅडम."

"रंगाने गेल्यात."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे?"

"उद्या कुणी म्हणेल भांडी घासून गेल्या. कुणी म्हणेल जन्मतःच नव्हत्या. तसं शास्त्रीय प्रमाण आणा, आमच्याकडे सवलतीचा नियम आहे." त्यांनी नियम तोंडपाठ म्हणून दाखवला. "व्यवसायजन्य कारणाने बोटांचे ठसे नष्ट होतात असे संशोधनाअंती सिद्ध झाल्यास, बाधित उमेदवारास यंत्रहजेरीतून सूट देण्यात येईल. चांगला नियम आहे. आजवर कुणी हातसुद्धा लावलेला नाही."

"पण तेच सिद्ध करायला मी आलेय. तोच माझा विषय आहे."

"मग प्रश्नच मिटला," कारकून मनापासून म्हणाले. "संशोधन करा, सिद्ध करा आणि सूट घ्या."

"संशोधन सुरू करायला नोंदणी लागते ना?"

"लागणारच."

"आणि नोंदणीला?"

कारकुनांनी यंत्राकडे बोट दाखवलं. त्यांच्या बोटावरच्या रेषा लांबूनही स्पष्ट दिसत होत्या.

घरी आईने हे सगळं ऐकून घेतलं. ती कधीकाळी पगाराला अंगठाच लावत असे. अंगठा उमटेनासा झाला तेव्हा मुकादमाने सही शिकून ये म्हणून घरी पाठवलं आणि ती मुलीच्या पाटीवर सही शिकली.

"तुला शिकवलं कशासाठी, तर अंगठा लावायची पाळी येऊ नये म्हणून," आई म्हणाली.

"तिथे सगळे शिकलेले अंगठाच लावतात, आई."

"मग सही कोण करतं?"

"शिपाई. त्यांच्या दाराचं यंत्र बंद पडलंय."

आईने थोडा विचार केला. "मग तू शिपायांच्या दाराने जा," ती म्हणाली. विद्यापीठाला सुचलेल्या कोणत्याही उपायापेक्षा हा बरा होता, परंतु त्या दारातून फक्त कोठीच्या खोलीत जाता येत असे.

मुलीचे मार्गदर्शक सर हे विद्यार्थ्यांसाठी जीव टाकणारे म्हणून प्रसिद्ध होते. "इथे अशक्य असं काही नसतं," ते तिला म्हणाले. "फक्त ते वेगळ्या नावाने करावं लागतं." त्यांनी तातडीने समिती बोलावली. समितीने मुलीच्या अंगठ्यावर सहानुभूतीने चर्चा केली. यंत्र बदलावं, ही सूचना भावनाप्रधान म्हणून फेटाळण्यात आली. शेवटी अध्यक्षांच्या एक गोष्ट लक्षात आली. नियमाला रोज एक अंगठा हवा होता. तो कुणाचा असावा याबद्दल नियम गप्प होता. जिथे नियम गप्प असतो तिथे समितीला बोलता येतं, असा संकेत आहे. त्यानुसार उमेदवाराच्या वतीने हजेरी लावण्यासाठी एक अंगठा-प्रतिनिधी नेमावा, असं ठरलं.

योग्य अंगठ्याचा शोध सुरू झाला आणि तो सरांच्या भाच्यापाशी थांबला. भाच्याचे अंगठे उत्तम अवस्थेत होते. त्यांना त्रास होईल असं त्याने आयुष्यात काही केलं नव्हतं. पहिल्याच दिवशी त्याने अंगठा टेकवला, हिरवा दिवा लागला आणि संशोधनाची नोंदणी झाली. यंत्राने पडद्यावर भाच्याचा फोटो दाखवून त्याचं स्वागत केलं. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. निदान काम तरी सुरू होणार होतं.

आता, हजेरी लावून भाचा घरी जाईल असं ठरलं होतं. पण प्रयोगशाळेचं कुलूपही अंगठ्याचंच निघालं. रसायनांचं कपाटही. ग्रंथालयाचा दरवाजाही. त्यामुळे भाच्याला दिवसभर थांबावं लागू लागलं आणि तो थांबतो तर त्याला खुर्ची देणं ओघानेच आलं. खुर्ची नोंदणीकृत संशोधकामागे एकच मिळते. मुलगी उभ्याने काम करू लागली. भाचा स्वभावाने वाईट नव्हता. कपाट उघडायला उठायला लागलं तरी तो कुरकुरत नसे. "एकदाच काय ते सगळं काढून घ्या, मॅडम," एवढंच म्हणे.

सुट्टीच्या दिवशी मुलगी कारखान्यात जाई आणि हौदावरच्या बायकांच्या बोटांचे ठसे कागदावर घेई. नव्याने कामाला लागलेल्या बाईचा ठसा आधी स्वच्छ येई, मग त्यातल्या रेषा तुटत, मग विरत आणि शेवटी कागदावर नुसता डाग उमटे. आईचा ठसा पहिल्यापासून डागच होता. तरी मुलगी तो दर वेळी घेई.

असं बरेच दिवस चालल्यावर, एका दुपारी तिला ते सापडलं. हौदात घालायच्या सगळ्या द्रव्यांपैकी फक्त एक द्रव्य कातडी खात होतं आणि त्याच्या जागी दुसरं, साधं, बाजारात सहज मिळणारं द्रव्य चालण्यासारखं होतं. रंग थोडासा उतरला असता, हात वाचले असते. मुलगी टेबलाला धरून उभ्याउभ्या रडली. भाचा दचकून जागा झाला.

"काही जळलं का?" त्याने विचारलं.

पुढे प्रगतीचा आढावा आला. त्यासाठी नियमाप्रमाणे नोंदणीकृत व्यक्तीला बोलावण्यात आलं. मुलगी बाहेर पाहुण्यांच्या खुर्चीवर बसून राहिली. आत अध्यक्षांनी भाच्याला निष्कर्षांबद्दल विचारलं.

"ते सगळं मॅडमना माहीत," भाचा प्रामाणिकपणे म्हणाला.

"विनय बघा," अध्यक्ष इतरांना म्हणाले. "नाहीतर हल्लीची मुलं."

उपस्थितीही डोळ्यांत भरण्यासारखी होती. इतकी अखंड हजेरी विभागाच्या इतिहासात दुसऱ्या कुणाची नव्हती. प्रबंध मान्य झाला, गौरवला गेला आणि पदवी भाच्याला जाहीर झाली. तेव्हा मुलगी सरांकडे गेली.

"सर, काम मी केलंय."

"मी कुठे नाही म्हणतोय? सगळ्यांना माहीत आहे." सर दुखावल्यासारखे दिसले. "पण हजेरी त्याची आहे, बाळ. हजेरी असून काम नसलेल्याला पदवी दिल्याची उदाहरणं आहेत. काम असून हजेरी नसलेल्याला द्यायची आपल्याकडे पद्धत नाही. आणि तू चांगली बाजू बघ ना. आता सिद्ध झालंय. तुला सूट मिळेल."

सूट खरंच मिळाली. कारकून इतके खूश झाले की त्यांनी उठून तिचं अभिनंदन केलं. नियम पहिल्यांदाच वापरात येत होता. "आता तुम्हाला कुणी अडवू शकत नाही," ते म्हणाले. "नवीन प्रवेश घ्या. विषय काय ठेवताय?"

"तोच."

"तो झालेला आहे, मॅडम. आपल्याच विभागातल्या एका हुशार मुलाने केलाय. नजरेखालून घाला एकदा, तुम्हाला उपयोग होईल."

मुलीने पदवीचा नाद सोडला. तिला पदवी हवी होती असं नाही म्हणता येणार, पण त्याहून जास्त तिला हौद बदलायचा होता. ती मुकादमाकडे गेली. मुकादम अडाणी असला तरी आडमुठा नव्हता. विद्यापीठानेच सांगितलं असेल तर आपण द्रव्य बदलू, तो म्हणाला. फक्त ज्या साहेबांनी शोध लावला त्यांनी एकदा येऊन समक्ष सांगावं, म्हणजे मालकांपुढे शब्द टाकता येईल. साहेबांना निरोप गेला. साहेब आता विभागात शिकवायला लागले होते आणि त्यांची हजेरी रोजची असल्याने त्यांना बाहेर पडणं शक्य नव्हतं.

शिवाय कारखान्यात तेव्हा कामाची घाई होती. पदवीदान समारंभाच्या झग्यांचं कापड गडद लाल रंगवून हवं होतं आणि रंग मुळीच उतरता कामा नये, अशी विद्यापीठाची अट होती. जुन्याच द्रव्याने ती पुरी होत होती. बायका दुहेरी पाळीत हौदावर उभ्या राहिल्या. मुलगीही गेली. तिला तिथे आत जायला कुणी अडवलं नाही.

समारंभाला भाच्याने मायलेकींना आग्रहाने बोलावलं होतं. दाराशी यंत्राने दोघींना लाल दिवा दाखवला आणि त्या पाहुण्यांत जाऊन बसल्या. मंचावर अध्यक्षांनी भाच्याच्या अंगावर झगा चढवला. चढवण्याआधी, जुन्या माणसांची सवय असते तसा, त्यांनी जिभेला अंगठा लावला, झग्याची कड चोळली आणि अंगठा निरखून पाहिला.

"आपल्या हौदातला आहे," आई हळूच म्हणाली. "सुटायचा नाही." तिच्या आवाजात अभिमान होता. त्या क्षणी मुलीला आईचा इतका राग आला आणि इतकी माया आली की तिने आईचा हात घट्ट धरला, आणि भेगा दुखतील म्हणून लगेच सोडला.

इथवर आलेल्या वाचकाला विद्यापीठाची चीड आली असेल. यायलाच हवी. अशी यंत्रं, अशा समित्या, असे भाचे यांच्यावर कुणीतरी लिहायला हवं, असंही त्याला वाटलं असेल. वाचकाचं मन चांगलं आहे, याबद्दल शंका नाही. परवा दुकानात तो गडद रंगाचं कापड बघत होता तेव्हा दुकानदाराने दोन ठाणं पुढे टाकली. एक थोडं रंग सोडणारं होतं, तसं त्याने सांगितलंही. वाचकाने अंगठा ओला केला, दुसऱ्या ठाणाची कड जोर लावून चोळली आणि अंगठा उजेडाकडे धरला. एकेक रेष स्वच्छ दिसत होती. मग त्याने तेच घेतलं.