केदारी मास्तरांचं कोरं पान

आमच्या हायस्कुलातले केदारी मास्तर कुणाच्याही दुःखाला भेटायला गेले, की हळूच विचारायचे, "त्या दिवशी घरात काय शिजलं होतं?" घरचे लोक एकमेकांकडे बघत. मी तर एकदा त्यांचा सदरा ओढून त्यांना उठवलं होतं.

मास्तरांच्या मनात वावगं काही नसायचं. बेळगावच्या कॅम्पात गोऱ्या साहेबासमोर छत्री मिटली नाही म्हणून कुणी लाथ खाल्ली, टांगा आडवा आला म्हणून कुणाला चाबूक बसला, हे सगळं ते वह्यांत उतरवून घेत. सरकारी कागदात यातलं अक्षर नाही, आणि आपल्या लोकांना साल सांगता येत नाही. म्हणून स्वयंपाकावरून ते महिना काढत. "माणूस साल इसरतोय, ताट इसरत न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझ्या लग्नात हुरडा खाल्ल्याचं मी एकदा बोलून गेलो, तर त्यांनी माझं लग्न वैशाखातून उचलून मार्गशीर्षात नेलं. घरी पत्रिका काढून बघितली. मास्तर बरोबर निघाले, आणि लग्नाचा महिना विसरलो म्हणून बायको आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

ते स्वतः लग्नाच्या भानगडीत पडले नाहीत. शहापुरात एक खोली, तीत वह्या आणि उरलेल्या जागेत मास्तर. आम्ही शिक्षक मंडळी त्यांची यथेच्छ चेष्टा करायचो. वही मात्र कुणी उघडून बघितली नाही, मीही नाही. त्याची आता लाज वाटते.

एक पान त्यांनी कोरं ठेवलं होतं. कणकुंबीच्या रानात एका साहेबाच्या शिकारीत जनावर उठवायला नेलेला सातू नावाचा माणूस मेला. झाडावरून पडून मेला, असं कागदावर लिहिलं गेलं. गावही तेच सांगे. मास्तरांच्या कानावर वेगळंच आलं होतं. खरं सांगेल तर त्याची म्हातारी बायको गंगाक्का. ती गेली की खोटंच खरं होणार. सहा वर्षं दर मे महिन्यात मास्तर तिच्या ओट्यावर जाऊन बसले, आणि दरवेळी ती म्हणाली, मला काय आठवत न्हाय.

सातव्या वर्षी मी सोबत गेलो. साहेबाचं राज्य आता जाणार असं जो तो बोलत होता. मास्तरांनी त्या दिवशी वही काढलीच नाही. नुसतं विचारलं, "माणूस कसा हुता, आक्का?"

म्हातारी पहिल्यांदाच हसली. "लई भित्रा. झाडावर कवा चढला न्हाय. आंबं बी मीच काढायची." बोलली आणि थबकली. मग म्हणाली, "साहेबाची गोळी लागली त्येला. लिवा."

मास्तरांनी लिहिलं. तिनं वाचून दाखवायला सांगितलं. इतक्या वर्षांत त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं. दुसऱ्याच ओळीला ते अडखळले. मी वही घ्यायला हात पुढं केला. त्यांनी दिली नाही.

गंगाक्का उठली आणि शेजारच्या घरातून दिराला हाताला धरून घेऊन आली. पडून मेल्याच्या कागदावर अंगठा त्याचाच होता. तिनं काय लिहायला सांगितलं, ते त्यानं खाली मान घालून तिच्याकडून ऐकलं.

"मी जवळच हुतो," तो म्हणाला. "माझं बी नाव घाला, मास्तर."

मास्तरांनी नाव घातलं. डोळे पुसले आणि पान पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतलं. आवाज ऐकून शेजारपाजारची माणसं एकेक करून ओट्याशी येऊन उभी राहिली.